चित्रात विजेचा खांब हवाच

जबलपूरची पोस्टिंग संपवून निघणाऱ्या अधिकाऱ्याच्या सामानात दोन वस्तू हमखास असतात. एक म्हणजे भेडाघाटच्या कारागिरांनी मऊ दगडात कोरलेला गणपती. दुसरी म्हणजे भेडाघाटचं चित्र. चांदण्यातले संगमरवरी कडे, त्यांच्यामधून संथ वाहणारी नर्मदा आणि पाण्यावर एक नाव. नावेत बऱ्याचदा नावाडीसुद्धा नसतो. डायनिंग आउटच्या रात्री टाळ्यांच्या गजरात ते चित्र हातात पडतं, मग ते पुढच्या पोस्टिंगला ट्रंकेतून जातं आणि निवृत्तीनंतर पुण्यातल्या किंवा सातारच्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या वर टांगलं जातं. अशी डझनभर चित्रं मी पाहिली आहेत. एकातही धुवांधारवरून जाणाऱ्या रोपवेची तार नाही, घाटावरचं नारळ-अगरबत्तीचं दुकान नाही आणि विजेचा खांब तर नाहीच नाही.

माझं म्हणणं असं आहे की आजच्या काळात एखाद्या जागेचं निसर्गचित्र काढायचं, तर माणसाच्या हाताचा त्या जागेवर उमटलेला ठसा त्यात दिसायला हवा. तो पुसून काढलेलं चित्र देखणं असेल, पण ते त्या जागेचं राहत नाही. आणि हे आम्हा फौजी लोकांना इतरांच्या आधी कळायला हवं. जमीन कशी बघायची याचं शिक्षण आम्हाला सरकारी खर्चाने मिळालेलं आहे.

हा विषय डोक्यात घोळायला निमित्त झालं ते मेसच्या भिंतीचं. गेल्या हिवाळ्यात आमच्या मेसच्या डायनिंग हॉलचं नूतनीकरण झालं. एका लांब भिंतीवर मोठं चित्र लावायचं ठरलं आणि नेहमीप्रमाणे चार अधिकाऱ्यांची समिती बसली. अध्यक्ष मी. शहरातल्या एका तरुण चित्रकाराने आम्हाला दोन कच्ची रेखाटनं आणून दिली. दोन्ही बरगी धरणाच्या जलाशयाची. पहिल्यात भरलेला जलाशय, सूर्यास्त, केशरी पाणी आणि उडणारे बगळे. दुसऱ्यात तोच जलाशय, पण पाणी उतरल्यानंतरचा: ओल्या गाळावर भेगा, त्यातच कुणीतरी पेरलेल्या पिकाचे हिरवे पट्टे, वाळत घातलेली मासेमारीची जाळी, मागे धरणाची लांब भिंत आणि क्षितिजावर उच्चदाब तारांचे मनोरे. समितीत पहिल्या रेखाटनाला तीन मतं पडली आणि दुसऱ्याला एक. ते एक माझं. अध्यक्ष म्हणून निर्णय रेटता आला असता, पण भिंत सगळ्यांची आहे. मी दोन आठवडे मागून घेतले आणि हा लेख त्या दोन आठवड्यांतला आहे.

आधी शब्दाकडे बघू. मराठीत आपण ‘निसर्गचित्र’ म्हणतो, आणि हा शब्दच आपल्याला लहानपणापासून एक सवय लावतो. महाराष्ट्रात वाढलेल्या प्रत्येकाने शाळेत हे चित्र काढलेलं आहे. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून डोकावणारा सूर्य, खाली वळणं घेत येणारी नदी, काठावर झोपडी, एक नारळाचं झाड आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. विदर्भातल्या मुलानेही नारळच काढायचा. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षांना जे बसले त्यांना आठवत असेल, तिथे ‘स्मरणचित्र’ नावाचा वेगळा विषय असायचा. त्यात भाजी मंडई, बसथांबा, पाणवठा असले प्रसंग काढायचे. म्हणजे माणसं स्मरणचित्रात आणि डोंगर-नद्या निसर्गचित्रात, अशी वाटणी आपल्या मनात तेराव्या-चौदाव्या वर्षीच झालेली असते. पाणवठ्यावर माणसं आली की तो निसर्ग राहत नाही, असं काहीतरी.

अकादमीत गेल्यावर या सवयीला पहिला धक्का बसतो. आधी खडकवासल्याला आणि पुढे देहरादूनला नकाशावाचनाबरोबर ‘पॅनोरमा स्केच’ शिकवतात. समोरच्या जमिनीचं साधं रेखाटन, पेन्सिलीने, उभ्या-उभ्या. त्याला कलेचे गुण नसतात. ते रेखाटन बघून तुमच्या जागी उद्या येणाऱ्या माणसाला समोरची जमीन ओळखता आली पाहिजे, ही एकच कसोटी. त्यामुळे डोंगराची रेघ जितकी महत्त्वाची, तितकाच नाल्यावरचा पूल, पाण्याची टाकी, देवळाचा कळस, वीटभट्टीची चिमणी. फायर ऑर्डर देणारा उस्ताद म्हणतो, “सामने, आठ सौ मीटर, सफ़ेद मंदिर, दो उंगल दाहिने, बिजली का खंबा.” आता तो खांब ‘चित्र बिघडतं’ म्हणून तुम्ही गाळलात, तर पुढचा माणूस शोधणार काय? जिथे दृष्टी पोचत नाही त्या भागाला आम्ही ‘डेड ग्राउंड’ म्हणतो आणि धोका बहुधा तिथूनच येतो. भेडाघाटच्या चित्रात माणसाचं सगळं बांधकाम अशा डेड ग्राउंडमध्ये ढकललेलं असतं.

भेडाघाटचंच घ्या. धुवांधार धबधबा म्हणजे निसर्गाचं शुद्ध रूप, असं पर्यटक समजतो. पण जबलपूरच्या वरच्या अंगाला, शहरापासून साधारण 40 किलोमीटरवर, बरगी धरण आहे. नर्मदेवर योजलेल्या मोठ्या धरणांच्या साखळीतल्या सर्वांत आधी पूर्ण झालेल्या धरणांपैकी हे एक. 1990 च्या सुमारास ते भरलं. सुमारे 69 मीटर उंच, पाच किलोमीटरपेक्षा जास्त लांब आणि 21 दरवाजे. पावसाळ्यात हे दरवाजे उघडले की खाली भेडाघाटला पाणी इतकं चढतं की धुवांधार अक्षरशः नाहीसा होतो. वरचं आणि खालचं पाणी एका पातळीवर येतं आणि धबधब्याच्या जागी नुसती गढूळ नदी धावताना दिसते. एरवीच्या महिन्यांत धबधब्याला किती पाणी असणार, हेही बरंचसं वरच्या धरणातून किती सोडलंय यावर अवलंबून असतं. म्हणजे कंट्रोल रूममध्ये बसलेला अभियंता हा या देखाव्याचा अर्धा चित्रकार आहे. 2021 मध्ये भेडाघाट-लमेटाघाट हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आला, त्याचा आनंद मलाही आहे. पण ज्या नदीचा वारसा आपण सांगतो, तिचं पाणी दरवाजांमधून येतं, हेही त्याच वाक्यात सांगायला हवं.

आणि त्या पाण्याखाली काय आहे? बरगीमुळे जबलपूर, मंडला आणि सिवनी या तीन जिल्ह्यांतली 162 गावं बाधित झाली. अनेक कुटुंबं कामाच्या शोधात जबलपूरला आली, वस्त्यांमध्ये राहिली, रिक्षा ओढली, बांधकामावर गेली. काहींनी काठावरच तग धरला. पाणी उतरलं की उघड्या पडणाऱ्या जमिनीवर शेती आणि जलाशयात मासेमारी, यावर ते जगतात. सूर्यास्ताच्या रेखाटनात या सगळ्यावर केशरी रंग पसरलेला होता.

नेमक्या याच नदीला, याच शहरात, एक असा चित्रकार लाभला होता ज्याने माणसाला कधी वगळलं नाही. अमृतलाल वेगड. 1928 चा जन्म, जबलपूरचा. घरची भाषा गुजराती, लिहिलं हिंदीत आणि गुजरातीत. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले आणि परत येऊन जबलपूरला चित्रकला शिकवत राहिले. 1977 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी नर्मदेच्या काठाने पायी चालायला सुरुवात केली. नोकरी सांभाळून, सुट्ट्यांमध्ये, तुकड्या-तुकड्याने. मराठी वाचकांना नर्मदा परिक्रमा वेगळी समजावून सांगायची गरज नाही, आपल्याकडे त्यावरची पुस्तकं घरोघरी वाचली जातात. पण बहुतेक परिक्रमा श्रद्धेच्या असतात. वेगड चालले ते स्केचबुक घेऊन. नदीच्या सौंदर्याचे ते भक्त होते, आणि त्या सौंदर्यात घाटावर अंघोळ करणाऱ्या बायका, चूल मांडून बसलेले परिक्रमावासी, नावाडी, जत्रेतली गर्दी हे सगळं आलं. त्यांची कोलाज चित्रं तर रंगीत मासिकांच्या कागदाचे तुकडे फाडून-चिकटवून केलेली. छापखान्याच्या कागदातून नदी उभी करणारा हा माणूस. ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’ या गुजराती पुस्तकाला 2004 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 2018 च्या जुलैमध्ये ते जबलपूरलाच गेले.

आता यातली खरी गोष्ट. वेगडांचा पहिला टप्पा होता जबलपूर ते मंडला. त्यांनी तो 1977 मध्ये चालून काढला. पुढे याच पट्ट्यात बरगीचं पाणी चढलं आणि त्या जुन्या काठाचा मोठा भाग बुडाला. ज्या पायवाटेवर ते चालले, ती आज कुणालाच चालता येणार नाही. अशा वेळी काठावरची माणसं, घरं आणि घाट कागदावर उतरवून ठेवलेल्या रेखाटनाचं मोल एकदम बदलतं. त्यांनी नुसतं पाणी, झाडं आणि मावळता सूर्य काढला असता, तर तो कुठल्याही नदीचा कुठलाही काठ झाला असता.

हे पुस्तकी वाटू नये म्हणून आमच्या माळ्याची गोष्ट सांगतो. दोन्ही रेखाटनं मेसच्या व्हरांड्यात टेकवून ठेवली होती. कुंड्या हलवायला आलेला माळी थांबला. सूर्यास्ताकडे बघून म्हणाला, “अच्छा है साहब.” मग दुसऱ्यापाशी गेला आणि उकिडवा बसला. बराच वेळ बघत राहिला. मग धरणाच्या भिंतीवर बोट ठेवून हात हळूहळू उजवीकडे नेला आणि विचारलं, “साहब, ये तरफ घंसौर पड़ेगा न?” घंसौर सिवनी जिल्ह्यात, जलाशयाच्या पलीकडे. मी नकाशा आणून पाहिला. दिशा बरोबर होती. त्याचं गाव त्याच अंगाला होतं. पाणी आलं तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. म्हणजे जवळपास माझ्याच वयाचा. त्याने तक्रार केली नाही, लांबण लावली नाही. वडील आधी जबलपूरला आले, मग आई आणि भावंडं, एवढंच सांगितलं. मग म्हणाला, पाणी फार उतरलं की चुलतभाऊ तिथे गहू-हरभरा टाकतात, “ऐसा ही दिखता है, हरा-हरा, बीच-बीच में.”

त्याच्या त्या एका प्रश्नातून मला कसोटी मिळाली. चित्र बघून त्या जागेच्या माणसाला आपली जागा ओळखता येते का? पॅनोरमा स्केचची कसोटी हीच. पहिल्या चित्राला तो ‘अच्छा’ म्हणाला आणि दुसऱ्यात तो स्वतःचं गाव शोधू लागला.

मोठे चित्रकार या कसोटीला कसे उतरतात ते पाहू. सुधीर पटवर्धन यांचं नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. माजी सैनिक वाचकांना मात्र एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पटवर्धन हे पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजचे 1972 चे पदवीधर. पुढे ठाण्यात अनेक वर्षं क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून त्यांनी प्रॅक्टिस केली आणि त्याच्या बरोबरीने चित्रं काढली. त्यांच्या चित्रातली भूमी म्हणजे ठाणे, उल्हासनगर, लोअर परळ. गिरण्यांच्या चिमण्या, त्यांच्या डोक्यावरून वर जाणारे नवे टॉवर, रेल्वेचे रूळ, पूल, टेकडी पोखरून चढलेली वस्ती. ही निसर्गचित्रं आहेत का? मी तर म्हणेन, मुंबई-ठाण्याची आजची खरी निसर्गचित्रं हीच. डोंगर आहे, खाडी आहे, आकाश आहे, आणि त्यावर माणसाने काय-काय चढवलंय तेही आहे. 2019 च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं होतं. ज्यांनी पाहिलं नसेल, त्यांनी त्यांची चित्रं निदान छापील रूपात तरी जरूर बघावीत. रोज लोकलने जाणारा माणूस त्यात आपलं स्टेशन ओळखतो.

शांघायचा यांग योंगलियांग हा चित्रकार तर याहून पुढे जातो. त्याचं काम लांबून पाहिलं तर जुन्या चिनी शाईच्या चित्रासारखं दिसतं. धुकं, उंच कडे, धबधबे. जवळ जाऊन पाहिलं की लक्षात येतं, कडे म्हणजे रचलेल्या इमारती आहेत आणि त्यावरची झाडं म्हणजे क्रेन आणि विजेचे मनोरे. त्यांच्याकडे निसर्गचित्राला ‘डोंगर-पाणी’ म्हणतात. त्याने डोंगरही ठेवला, पाणीही ठेवलं, आणि डोंगर कशाचा झालाय ते दाखवून दिलं.

भूगर्भशास्त्रज्ञही या प्रश्नावर बरीच वर्षं भांडत आहेत. पृथ्वीच्या थरांवर माणसाचा ठसा इतका खोल आहे की आताच्या काळाला ‘मानवयुग’ असं वेगळं नाव द्यावं, असा प्रस्ताव 2000 नंतर जोर धरत गेला. मार्च 2024 मध्ये तो अधिकृतपणे फेटाळला गेला. फेटाळणाऱ्यांनीही माणसाचा ठसा नाकारला नाही. या ठशाची सुरुवात एखाद्या ठरावीक वर्षी झाली असं मानून वेगळं युग पाडायचं का, यावर मतभेद होता. चित्रकाराला कुठल्या ठरावाची वाट पाहायची गरज नाही. त्याने डोळे उघडे ठेवले तरी पुरे.

मग माणूस नसलेलं प्रत्येक चित्र खोटं का? नाही. सय्यद हैदर रझा 1922 मध्ये याच नर्मदेच्या वरच्या अंगाला, मंडला जिल्ह्यातल्या बाबरियात जन्मले. वडील वनखात्यात. नागपूर आणि मग मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या रझांनी सुरुवातीला शहरांची आणि गावांची दृश्यं रंगवली, फ्रान्सला गेले आणि शेवटी बिंदूपर्यंत पोचले. 2016 मध्ये त्यांचं दफन त्यांच्या इच्छेनुसार मंडल्यात, वडिलांशेजारी झालं. त्यांच्या बिंदूत गाव नाही, धरण नाही. पण तो बिंदू ‘मी बरगी आहे’ असा दावाही करत नाही. माझी तक्रार दावा करणाऱ्या चित्राशी आहे. खाली पितळी पट्टीवर ठिकाणाचं नाव कोरायचं असेल, तर त्या ठिकाणाशी इमान राखावं लागेल.

आता उलट बाजू. ज्यांच्या हाताखाली मी कंपनी कमांडर होतो ते माझे जुने सीओ निवृत्त होऊन आता नाशिकला असतात. मी त्यांना फोनवर हे सगळं सांगितलं. सर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “अरे, जेवताना माणसाने भेगाळलेली जमीन बघायची का? आयुष्यभर तेच बघितलं आपण. ज्या पोस्टवर दगडाशिवाय काही नव्हतं, तिथे बंकरमध्ये मी कॅलेंडरवरचं हिरवंगार कोकण लावलं होतं. त्या चित्राने मला सहा महिने शाबूत ठेवलं. त्याला तू खोटं म्हणणार?”

या प्रश्नाला चटपटीत उत्तर नाही, आणि द्यायचंही नाही. ज्या चित्राने सरांना त्या हिवाळ्यातून काढलं, त्याला खोटं म्हणायची माझी हिंमत नाही. दूर असलेल्या माणसाला घराची सुंदर आठवण लागते. पण मेसची भिंत म्हणजे बंकर नव्हे. आपण जबलपुरात राहून जबलपूरचंच चित्र लावतो आहोत. धरण गाडीने जाऊन यायच्या अंतरावर आहे आणि तिथल्या पाण्यामुळे उठलेला माणूस आपल्या बागेत काम करतो. त्याच्यासमोर जेवायला बसून आपण ‘किती शांत जलाशय’ म्हणणार असू, तर ती शांती आपण त्याच्याकडून उसनी घेतलेली असते.

सरांच्या बोलण्यातला एक भाग मात्र मी पूर्ण मान्य करतो. ठसा दाखवायचा म्हणून नुसता उकिरडा दाखवायचा, हीसुद्धा एक पळवाट आहे. भेगाळलेली जमीन, एक वठलेलं झाड, प्लास्टिकची बाटली आणि खाली ‘पर्यावरण वाचवा’: हे चित्र शाळेतल्या दोन डोंगरांइतकंच पाठ झालेलं आहे. त्यातही जागा नसते. माणसाचा ठसा म्हणजे केवळ घाण नव्हे. भेडाघाटच्या टेकडीवरचं कलचुरी काळातलं चौसष्ट योगिनी मंदिर हा माणसाचाच ठसा. ग्वारीघाटाच्या पायऱ्या, संध्याकाळची आरती, पाण्यावर सोडलेले दिवे, आणि सकाळी काठाला लागलेले त्याच दिव्यांचे द्रोण, हे सगळं एकाच हाताचं काम. दुसऱ्या रेखाटनात मला आवडले ते गाळातले हिरवे पट्टे. नुकसान आणि चिकाटी एकाच जागी होती, आणि चित्रकाराने दोघांपैकी एकाचीही बाजू घेतली नव्हती.

शेवटी आपल्या स्वतःच्या ठशाबद्दल. जबलपूरच्या जमिनीवर फौजेइतका ठसा क्वचितच कुणी उमटवला असेल. गन कॅरेज फॅक्टरी 1904 ची, त्यानंतर खमरियाचा दारूगोळा कारखाना, व्हेईकल फॅक्टरी, डेपो, रेजिमेंटल सेंटर्स, रेंजेस. 1828 मध्ये कॅप्टन स्लीमनला भारतातली पहिली डायनासोरची हाडं सापडली ती याच छावणीच्या परिसरात. त्या टेकड्यांच्या शेजारी आज कारखान्याची भिंत आहे. छावणीतल्या जुन्या झाडांमुळे शहरात सावली टिकली, हेही आपलंच काम. दोन्ही खरं आहे.

खडकवासल्याचं बघा. अकादमीच्या प्रत्येक माजी कॅडेटच्या घरी एक तरी फोटो किंवा चित्र असतं: सुदान ब्लॉकचा घुमट, नाहीतर तळं आणि पलीकडे सिंहगड. ते तळं म्हणजे एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या धरणाचा फुगवटा आहे, आणि त्याला ज्या फाइफ यांचं नाव दिलं गेलं, ते लष्करी अभियंते होते. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं आणि पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली, तेव्हा पुण्याने त्या तळ्याची दुसरी बाजू पाहिली. आदल्या रात्री पानशेतच्या खचत्या बंधाऱ्यावर वाळूच्या गोण्या रचणारे जवानच होते. पण तळ्याच्या एकाही चित्रात मी धरणाची भिंत पाहिलेली नाही.

सियाचिनचं तेच. मेसमधल्या चित्रांत पांढरं हिम, तिरंगा आणि जवान. 1984 पासून तिथे माणूस राहतो, जेवतो, रॉकेल जाळतो. जेरीकॅन आणि डबे हिमात साचत गेले, आणि अलीकडे ते खाली आणायच्या मोहिमाही आपल्याच जवानांनी केल्या. पाठीवर रिकामे डबे बांधून उतरणारा जवान कुणी रंगवला, तर ते चित्र मी विकत घेईन. आपल्याकडे टेरिटोरियल आर्मीच्या इको बटालियन आहेत. गढवाल रायफल्सशी जोडलेली 127 वी बटालियन 1982 मध्ये उभी राहिली आणि चुन्याच्या खाणींनी सोललेल्या मसुरीच्या डोंगरांवर तिने पुन्हा झाडं उभी केली. महार रेजिमेंटशी जोडलेली 136 वी बटालियन 2017 पासून मराठवाड्यात तेच काम करते आहे. मसुरीची हिरवाई रंगवणाऱ्याने ती हिरवाई माजी सैनिकांच्या कुदळीने आलेली आहे हे दाखवलं नाही, तर नुकसान कुणाचं? ठसा पुसणारं चित्र आपले अपराध झाकतं, तसे कष्टही झाकतं.

समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. मी माझं मत कारणांसह लेखी देणार आहे, आणि सोबत एक सूचना: चित्र कुठलंही निवडा, पण खालच्या पितळी पट्टीवर ‘बरगी जलाशय’ या शब्दांखाली एवढी एक ओळ हवी, की या धरणाने 162 गावं बाधित झाली. तीन विरुद्ध एक हा हिशोब बदलेल की नाही, ते सांगता येत नाही. मेसमध्ये लोकशाही असते आणि ती असावी.

तोपर्यंत वाचकांना, विशेषतः माजी सैनिक मित्रांना, एक काम सांगतो. तुम्ही जिथे-जिथे राहिलात, त्यातली एक जागा निवडा. पोस्ट असेल, छावणी असेल, रेंज असेल. संरक्षणाच्या दृष्टीने जे काढायचं नाही ते अर्थातच सोडा. बाकी सगळं पेन्सिलीने काढा: डोंगराची रेघ, आणि तिच्यावर तुम्ही घातलेली पत्र्याची शेड, खणलेला चर, लावलेलं झाड, टाकलेला डबा. चित्रकला यायची गरज नाही, स्केचिंगच्या तासाला आपल्यापैकी कुणालाच येत नव्हती. मग ते चित्र तुमच्याबरोबर तिथे असलेल्या एखाद्या जवानाला पाठवा. त्याने फोन करून “साहेब, ही तर आपली पोस्ट” असं म्हटलं, तर ते चित्र भेडाघाटच्या चांदण्याशेजारी नक्की टांगा.

जय हिंद.